पोराला ध्येय लागलंय

"बाई, आमच्या पोराला ते धेय का काय लावलंय, ते आधी काढा."

परवा शनिवारी अर्धी शाळा सुटत होती. पोरं दप्तरं अडकवून पळायच्या बेतात होती आणि चौथीतल्या एकाची आजी दाराच्या चौकटीला हात टेकून उभी. जंताच्या गोळीच्या दिवशी "बाधणार नाही ना?" असं विचारायला येतात, तसं काही असतं तर मी समजूत घातली असती. पण आजींचं निदान होऊन गेलं होतं. ध्येय बाधलं होतं.

"काय झालं आजी?"

"काय व्हायचंय? साडेसात वाजलं की बेणं टीव्हीफुडं बसतंय आन पुस्तक धरून वरडतंय. एकच पान. तीन-तीनदा! इचारलं तर म्हनतंय, बाईंनी सांगितलंय."

बाईंनी सांगितलं होतं, हे खरं आहे.

ध्येय म्हटलं की मोठ्या माणसांना थेट कलेक्टर दिसतो. वर्गात "मोठेपणी कोण होणार?" विचारा, अर्धा वर्ग पोलीस होतो, थोडे डॉक्टर होतात आणि उरलेले शेजारचा जे म्हणाला ते होतात. तास मजेत जातो, बाकी काही होत नाही. नऊ वर्षांच्या पोराला पुढचा बाजारही लांब वाटतो, तिथे वीस वर्षांपलीकडचा कलेक्टर काय करणार? १९८१ साली अल्बर्ट बँडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी गणितात फार मागे पडलेल्या सात ते दहा वर्षांच्या मुलांना वजाबाकी शिकायला बसवलं. काहींना सांगितलं, दर बैठकीला ६ पानं करा. काहींना सांगितलं, ७ बैठकांत मिळून ४२ करा. हिशेब तोच. पण ६ वाली पोरं कुठल्या कुठे पुढे गेली आणि ४२ वाली, ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्याच आसपास राहिली. त्याच साली जॉर्ज डोरन नावाच्या गृहस्थांनी 'स्मार्ट' म्हणजे नेमक्या, मोजता येणाऱ्या, मुदतीच्या ध्येयांवर लेख लिहिला, तो कंपनीतल्या साहेबांसाठी. आमच्या प्रशिक्षणांत पडद्यावर दरवेळी हे साहेबांचं 'स्मार्ट' येतं. पोरांची ६ पानं मी तरी अजून एकाही पडद्यावर पाहिलेली नाहीत.

म्हणून आधी मोजायचं. अनोळखी उतारा, एक मिनिट, बरोबर वाचलेले शब्द. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेच्या हिशेबाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचता यायला हवेत. आजींचा नातू चौथीत येऊन ३८ वर होता. ३८ वाल्याला ६० सांगितले की तो पहिल्याच दिवशी हात टेकतो, त्याला दोन आठवड्यांत ४३ पुष्कळ झाले. बरं, ४३ हासुद्धा त्याच्या हातातला आकडा नव्हे. हातात आहे ते रोजचं बसणं. त्यामुळे वहीत '४३ शब्द वाचणार' असं लिहायचंच नाही. 'रात्रीचं जेवण झालं की मी एक पान मोठ्याने तीनदा वाचणार' असं लिहायचं. तीनदा, कारण पहिल्या वाचनात पोर अक्षरं फोडतं, दुसऱ्यात शब्द ओळखतं आणि तिसऱ्यात कुठे त्याला पत्ता लागतो की या धड्यात एक कोल्हा आहे.

यातला 'जेवण झालं की' हा तुकडा काढला तर सगळं ढासळतं. नुसतं 'रोज वाचणार' म्हणजे एक जानेवारीपासून फिरायला जाणार म्हणण्यासारखं. 'अमुक झालं की तमुक करणार' असं घट्ट बांधून ठेवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते, यावर पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी सविस्तर लिहिलं आहे. या घरात जेवण सव्वासातला उरकतं आणि साडेसातला मालिका लागते, एवढंच काय ते त्यांनी लिहिलेलं नाही.

"सासू कपाट उघडती," आजी सांगत होत्या. एव्हाना त्या आत येऊन पहिल्या बाकावर बसल्या होत्या. "सुनंला आठवत न्हाय, तिचं डोकं आपटलंय. पर सासूला ठावं हाय कपाटात काय हाय. कुलूप काढलं, दार वडलं, आतलं दावनार, तेवढ्यात हे वरडतं, 'कोल्हा म्हणाला, द्राक्षं आंबट आहेत!' आता मला सांगा बाई, कपाटात काय हुतं?"

"मला नाही माहीत, आजी."

"तुमी बगत न्हाय?"

"नाही."

"मग रातचं करता काय?"

खरं उत्तर असं की रात्री मी वरून मागवलेली शाळेची माहिती भरते. पण ते दारात घोटाळणाऱ्या पोरांसमोर आणि पातेली घासता घासता कान इकडे लावलेल्या खिचडीच्या ताईंसमोर सांगायचं जिवावर आलं. मी म्हटलं, असंच, घरचं काम.

वेळ बदलू, असं मी म्हणेपर्यंत आजींची नजर भिंतीवर गेली. इथे जरा थांबून सांगायला हवं की भिंतीवर पोरांचे तक्ते मी लावत नाही. तीस पोरांचे तक्ते शेजारी शेजारी टांगले की जो मागे आहे त्याची रोज वरात निघते. प्रत्येकाचे चौकोन त्याच्या वहीच्या मागच्या पानावर. दोन आठवड्यांचे, शनिवार धरून, १२. खूण पोराने स्वतः करायची, पेन्सिलने. थोडंच झालं तर अर्धा चौकोन रंगवायचा. ही अर्ध्याची सोय नसेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी पहिला चौकोन रिकामा राहतो आणि पोर अख्खी वही लपवतं. रिकामा राहिला तर खोडाखोड नाही, खाली एका शब्दात कारण. 'ताप.' 'लग्न.' 'म्हैस.' काही बहाद्दर शनिवारी सकाळी एकदम सहाही खुणा करतात. सहांचा दाब आणि तिरपेपणा एकच असतो, ओळखता येतं. म्हणून खुणेशेजारी पान नंबर लिहायचा.

आणि चांदण्या चिकटवायच्या नाहीत. आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावलं, तर पुढे मोकळ्या वेळात त्यांचं चित्र काढणंच कमी झालं, असा प्रयोग १९७३ सालीच होऊन गेला आहे. वर चांदण्यांचा बाजार भरतो तो वेगळाच. आमच्याकडे पूर्वी तीन छोट्या चांदण्यांना एक मोठी असा भाव चालायचा.

तर भिंतीवर तक्ता एकच, माझा. बाईंनी आधी स्वतः करून दाखवावं, नाहीतर पोरांना हा गृहपाठाचाच नवा प्रकार वाटतो, म्हणून.

"हे कशाचं चौकोन?" आजींनी विचारलं.

"ते बाईंचं ध्येय हाय," नातू उत्साहाने म्हणाला आणि त्याने वाचून दाखवलं. "रोज शाळा सुटायच्या आत सगळ्या वह्या तपासणार."

एका दमात वाचलं. 'ध्येय' हा शब्द पोरं 'धेय', 'ध्यय', कसाही वाचतात. याने तक्त्याच्या शीर्षकातला तोही स्वच्छ वाचला होता. दोन आठवड्यांपूर्वी हे वाक्य त्याने चार ठिकाणी थांबून वाचलं असतं. कौतुकाने माझा ऊर भरून येत होता, आणि आजी बोट लावून मोजत होत्या.

"एक. दोन. हितं काय न्हाय. हितं बी न्हाय. तीन. हितं न्हाय..." शेवटपर्यंत गेल्या. "बारात पाच. तुझं रं?"

नातवाने वही उघडली. नऊ पूर्ण, दोन अर्धे, एक रिकामा. रिकाम्याखाली 'लाईट'.

आजींनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

"मग बाई, तुमाला धेय लागलंच न्हाय की."

खिचडीच्या ताईंच्या हातातलं पातेलं खाली पडलं. त्या हसत नव्हत्या असं त्या अजूनही म्हणतात.

रिकाम्या सात चौकोनांखाली कारणं मी नियमाने लिहिली होती. 'माहिती.' 'माहिती.' 'मतदार यादी.' 'फोटो.' 'माहिती.' 'बैठक.' 'माहिती.' शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये अशैक्षणिक कामं मोजून तीन सांगितली आहेत: दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीची कामं. दुपारी दोनला येणारा 'आजच, तात्काळ' हा निरोप यांपैकी कशात बसतो ते मला आजवर कळलेलं नाही. उपक्रम केला की उपक्रमाचा फोटो, फोटोची लिंक आणि लिंक भरल्याचा तक्ता. पोरांना वेळ पाळायला शिकवण्याचा तास हे भरण्यात जातो, आणि रिकामा चौकोन माझ्या नावावर दिसतो. हे आजींना सांगून काय उपयोग? त्यांना चौकोन दिसत होता. 'माहिती' वाचता येत नव्हतं.

अर्थात, हिशेब माझाही कच्चा होता. तीस पोरं, तीन-तीन वह्या, म्हणजे ९०. वहीला एक मिनिट धरलं तरी दीड तास, तोही पोरं वर्गात असताना. ४२ पानांची चूक वर्षभर दुसऱ्यांना समजावणाऱ्या बाईने भिंतीवर ९० वह्या टांगल्या होत्या. तिथल्या तिथे मी 'सगळ्या' खोडून 'एका रांगेच्या' केलं.

"आता ह्येच्या वाचनाचं बोला," आजी म्हणाल्या.

सकाळचं वाचन नको, तेव्हा दूध घालायला जातो. दुपारी शाळा. जेवणाआधी आजी देवापाशी. शेवटी तोडगा आजींनीच काढला. "जायरात लागली की वाचू दे. तवा मी आवाज बंदच करते."

मी नाही म्हणणार होते, पण म्हणू शकले नाही. 'जाहिरात लागली की वाचणार' याहून पक्की खूण पुस्तकातसुद्धा सापडणार नाही. ती पोराने आठवायची नाही, घरच्यांनी ओरडायचं नाही, आपोआप येते. नियम तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिरातींचा, म्हणजे अर्ध्या तासाच्या मालिकेत साधारण सहा. पान तीनदाऐवजी दोनदा होईल. ठीक. नातवाने तीनदा खोडून दोनदा लिहिलं, आजींनी खाली अंगठ्याने दाबून वही मिटली.

आज सोमवार. दुपारी दोनला निरोप आला होता, तात्काळ. शाळा सुटताना पोरगं टेबलापाशी येऊन उभं राहिलं.

"आजीनं विचारलंय, बाईंची एक रांग झाली का?"

"अर्धा चौकोन सांग."

तो भिंतीपर्यंत जाऊन बघून आला. मग दारातून परत फिरला.

"बाई, कपाटात मृत्युपत्र हुतं."