उंदराची कातडी, भावाची किडनी

आमच्या तालमीच्या ग्रुपवर रविवारी एक मेसेज आला: ‘रक्तगट जुळला की किडनी जुळली. सख्ख्या भावाची असेल तर शरीर ती कधीच नाकारत नाही, वर्षभरात गोळ्या बंद. उंदरांवर सिद्ध झालंय.’ खाली अंगठ्यांची रांग आणि ‘लई भारी माहिती’. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, गप्प बसवेना.

उंदरांचं आधी, कारण ते अर्धं खरं आहे. लुईस जातीच्या उंदराची कातडी दुसऱ्या लुईसला लावली तर ती औषधाविना टिकते. पण हे काही आपल्या लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारातले उंदीर नव्हेत! सख्ख्या बहीण-भावांचा संकर सलग किमान २० पिढ्या करून ही जात बनते. सगळे एकमेकांच्या झेरॉक्स. तीच कातडी ब्राउन नॉर्वे जातीच्या उंदराला लावा, थोड्याच दिवसांत काळी पडून सुटते. भांडण मुख्यतः २० व्या गुणसूत्रावरच्या आरटी-वन या जनुकसमूहाचं; पेशीवरची ‘आपलं की परकं’ ही खूण तोच ठरवतो. माणसात तेच काम ६ व्या गुणसूत्रावरचा एचएलए करतो.

आता या दोन जातींचं पिल्लू घ्या. ते आईचीही कातडी ठेवून घेतं, बापाचीही. उलट पिल्लाची कातडी मात्र दोघंही नाकारतात, कारण तिच्यावर जोडीदाराची परकी खूण असते. रक्ताचं नातं तेच, पण देणारा-घेणारा बदलला की निकाल फिरला.

सख्खा भाऊ? एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धं जुळण्याची चारात दोन, अजिबात न जुळण्याचीही चारात एक. पूर्ण जुळलं तरी बाकीच्या जनुकांतले बारीक फरक उरतातच, म्हणून शरीराचा नकार थोपवणाऱ्या गोळ्या राहतात. अपवाद एकसारख्या जुळ्यांचा. बोस्टनमध्ये १९५४ साली यशस्वी झालेलं किडनी प्रत्यारोपण अशाच जुळ्या भावांतलं होतं.

रक्तगट ही फक्त पहिली चाळणी. पुढे क्रॉसमॅच असते: रुग्णाचा सीरम (रक्तातला पेशी नसलेला पातळ भाग) दात्याच्या पेशींत मिसळून बघतात. आधी रक्त चढवलेलं असेल किंवा बाळंतपणं झालेली असतील, तर परक्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात आधीच तयार असू शकतात, आणि रक्तगट जुळूनही इथे गाडी अडू शकते.

हे सगळं टाइप करून पाठवणार, तेवढ्यात मेसेजखाली एका पोराचा प्रश्न दिसला: ‘म्हणजे आमच्या दादाच्या बंद करायच्या काय?’ लिहिलेलं तसंच ठेवून त्याला फोन लावला. ‘भावा, डॉक्टरला विचारल्याबिगर एक गोळी चुकवायची नाही.’ दादाची रात्रीची गोळी आठची. साडेसात वाजले होते.