‘तीन टेस्ट करा, निर्धास्त राहा’ : नाही, राहू नका

परवा ऐरोलीहून मावशीचा फोन. काकांना कालपासून ताप-खोकला, उद्या सॅम्पल घ्यायला कोणाला पाठवतेस? कारण होता तो मेसेज, जो नेरूळला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरतोय : ‘व्हायरल ताप आला की पहिल्याच दिवशी सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन करा. तिन्ही नॉर्मल तर आजार गंभीर होणारच नाही. एखादं वाढलेलं असेल तर लगेच स्टेरॉइड सुरू करा.’

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि शेवटचं तर जिवावर बेतणारं आहे.

‘पहिल्याच दिवशी, नॉर्मल तर धोका नाही.’ सीआरपी हे शरीरात दाह झाला की वाढणारं प्रथिन, यकृतात तयार होतं. दाह सुरू झाल्यावर ते वाढायला सहा-आठ तास लागतात, कळस गाठायला साधारण दोन दिवस. कोविडमध्ये तर अनेकांची तब्येत दुसऱ्या आठवड्यात ढासळली. पहिल्या दिवशीचा आकडा त्या दिवसापुरताच.

‘एखादं वाढलेलं असेल तर.’ डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारा प्रथिनाचा तुकडा. ते वयानुसार वाढतं. गरोदरपणात, ऑपरेशननंतर, मार लागल्यावरही वाढतं. शिवाय ते मोजायची एककं दोन : एक लॅब एफईयूमध्ये रिपोर्ट देते, दुसरी डीडीयूमध्ये. त्याच रक्ताचा पहिला आकडा साधारण दुप्पट दिसतो. वाशीचा आणि ठाण्याचा रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं प्रथिन. ते दाहात वाढतं, तसं फॅटी लिव्हरमध्येही वाढतं. उलट अंगात लोह कमी असलेल्या बाईचं ते आजारपणात वाढूनही ‘नॉर्मल’ दिसू शकतं.

आता स्टेरॉइड. २०२०च्या ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत कोविडचे दाखल रुग्ण होते. व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना काहीच फायदा दिसला नाही : औषध घेणाऱ्यांत १७.८ टक्के मृत्यू, न घेणाऱ्यांत १४. म्हणजे कोणाला उपयोग होतो हे श्वासाच्या अवस्थेवरून दिसलं, रक्तातल्या आकड्यावरून नव्हे. घरात मधुमेही असेल तर या गोळ्यांनी साखर भडकते. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड या जोडीने बळावणाऱ्या म्युकरमायकोसिसने (‘काळ्या बुरशी’ने) २०२१मध्ये किती जणांचे डोळे, जबडे गेले, ते इतक्यात कसं विसरतो आपण?

या टेस्ट निरुपयोगी नाहीत. त्याच ‘रिकव्हरी’ चाचणीत टोसिलिझुमॅब हे दाह कमी करणारं औषध कोणाला द्यायचं ते ठरवताना सीआरपी लिटरमागे ७५ मिलिग्रॅम किंवा जास्त असणं ही एक अट होती, पण ऑक्सिजन घसरलेल्या, दाखल रुग्णांसाठी. कोविडचा धोका मोजणाऱ्या ‘फोर-सी’ स्कोअरमध्येही आठ गोष्टी धरतात. सीआरपी त्यातली एक, आणि वय, श्वासाचा वेग, ऑक्सिजन तिच्यासोबत.

मावशीला म्हटलं, सॅम्पल राहू दे, आधी डॉक्टरांना दाखव. काका शांत बसलेले असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोज. २४ किंवा जास्त भरले, ऑक्सिजन ९४च्या खाली गेला, किंवा ते असंबद्ध बोलायला लागले, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठ.

तिने फोन चालू ठेवूनच मोजले. अठरा. आता सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिते आहे.