कॅल्विनच्या माथी मारलेला सिद्धांत

ख्रिस्ती गटांमधून एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातोय. त्याचा गोषवारा असा: ‘सोळाव्या शतकात कॅल्विन या धर्मसुधारकाने एक भयंकर सिद्धांत काढला. देवाने जग घडवण्याआधीच काहींना स्वर्गासाठी निवडलं आणि बाकीच्यांना नरकासाठीच जन्माला घातलं. हे खरं असेल तर माणूस कळसूत्री बाहुली ठरतो, सुवार्तेला आणि प्रार्थनेला अर्थ उरत नाही, आणि स्वतःला निवडलेले म्हणवणारे शेफारून जातात. सर्वांचं तारण, म्हणजे पापातून सुटका, व्हावं अशी तर देवाची इच्छा आहे. तेव्हा असं शिकवणाऱ्यांपासून लांब राहा.’

मी स्वतः देवाच्या या निवडीचा, म्हणजे पूर्वनियोजनाचा, सिद्धांत मानतो. न मानणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हाती वजनदार मुद्दे आहेत. या मजकुरात त्यांतला जेमतेम एक सापडतो.

आधी ‘कॅल्विनने काढला’ हे बघू. जगाच्या स्थापनेपूर्वी देवाने आपल्याला ख्रिस्ताच्या ठायी निवडलं, हे बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. ते कॅल्विनच्या विरोधी बाजूचे, आर्मिनियस या डच धर्मपंडिताचे अनुयायीही (आर्मिनियन) मानतात. त्यांच्या मते कोण विश्वास ठेवील हे देवाने आधीच पाहिलं आणि त्यावरून निवड केली. कॅल्विनच्या बाजूच्या मते विश्वास हेच निवडीचं फळ. १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेत खल झाला तो यावर. पण वाद त्याहून कितीतरी जुना. धर्मपंडित ऑगस्टीनने ४३० मध्ये डोळे मिटण्यापूर्वी, अगदी शेवटच्या वर्षांत, संतांच्या पूर्वनियोजनावर ग्रंथ लिहिला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्यावर अख्खं प्रकरण खर्ची घातलं. १५२५ मध्ये मानवी इच्छा पापाची बंदी आहे, असं धर्मसुधारक ल्यूथरने इरॅस्मस या विद्वानाला ठणकावलं, तेव्हा कॅल्विन सोळा वर्षांचा पोरगा होता.

‘नरकासाठीच जन्माला घातलं’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी घालणं तर सरळ खोटं आहे. ५२९ च्या ऑरेंजच्या सभेने कृपा आधी आणि माणसाचा प्रतिसाद नंतर असा निर्वाळा दिला, आणि देव कुणाला दुष्टाईसाठी नेमतो या मताचा त्याच दमात धिक्कार केला. ल्यूथरन मंडळ्यांनी १५७७ च्या आपल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात निवड फक्त तारणाचीच, असं लिहिलं. हो, कॅल्विन याहून पुढे गेला. काहींना सार्वकालिक जीवन आणि काहींना दंड नेमलेला आहे, असं त्याने स्पष्ट लिहिलंय, ते झाकण्यात अर्थ नाही. हा ठराव भयप्रद आहे, हेही त्यानेच लिहिलं. तरी त्याच्या परंपरेतल्या डॉर्टच्या सभेनेसुद्धा बजावलं की निवड जशी विश्वासाचं उगमस्थान आहे, तसा त्याग, म्हणजे देवाने न निवडणं, हे अविश्वासाचं कारण नाही. देव पाप्याला त्याच्या पापात राहू देतो, पाप त्याच्यात भरत नाही. हा फरक कुणाला अपुरा वाटेल. मलाही काही दिवशी वाटतो. पण टीका करायची तर त्यांनी जे म्हटलंय त्यावर करावी.

बाहुलीचा मुद्दा थोडक्यात. येशूचा शिष्य पेत्र पन्नासाव्या दिवसाच्या सणाला (पेंटेकॉस्टला) यरुशलेमेतल्या जमावाला एकाच वाक्यात दोन गोष्टी सांगतो: येशूला धरून दिलं गेलं ते देवाच्या ठरलेल्या संकल्पानुसार, आणि त्याला मारलंत तुम्ही. ‘आम्ही काय करणार, देवाचंच ठरलेलं’ अशी पळवाट तो त्यांना ठेवत नाही. संकल्प आणि जबाबदारी यांची गाठ नेमकी कशी बसते, हे मात्र तो उलगडून सांगत नाही.

सुवार्ता आणि प्रार्थना निरर्थक ठरतात, हा आरोप सगळ्यात लोकप्रिय आणि माझ्या मते सगळ्यात कच्चा. त्यात निवडीची गल्लत ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’शी होते. प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय काढा. प्रेषित पौलाचं जहाज वादळात सापडलंय. जहाजावर २७६ माणसं. एकाचाही जीव जाणार नाही, असं देवदूताने पौलाला सांगितलंय आणि त्याने ते सगळ्यांना ऐकवलंय. चौदाव्या रात्री खलाशी बुडीद (पाण्याची खोली मोजायची दोरी) टाकतात: वीस वाव पाणी. थोडं पुढे पंधरा. खडकावर आपटू या भीतीने मागच्या बाजूने चार नांगर सोडतात आणि उजाडायची वाट बघतात. तेवढ्यात खलाशीच पुढून नांगर टाकायच्या बहाण्याने होडी पाण्यात सोडून सटकू पाहतात. पौल शताधिपतीला काय म्हणतो? ‘वचन मिळालंय, जाऊ दे त्यांना’? नाही. ही माणसं जहाजावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही, असं म्हणतो. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात.

शेवट ठरलेला होता, आणि दोर कापणंही त्यात आलं. इथे सुटका समुद्रातून आहे, पापातून नव्हे, हे मान्य. पण पौलाची विचार करायची रीत तीच. करिंथात प्रभू त्याला रात्री दर्शनात सांगतो, ‘भिऊ नको, बोलत राहा, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत.’ हे ऐकून पौल गाशा गुंडाळत नाही, दीड वर्ष तिथे शिकवत बसतो. मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापणारा विल्यम कॅरी याच मताचा, बॅप्टिस्ट पंथाचा होता आणि मिशनरी म्हणूनच समुद्र ओलांडून आला होता. प्रार्थनेचं म्हणाल तर कॅल्विनच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या आवृत्तीत पूर्वनियोजनाच्या अगदी आधीचं लांबलचक प्रकरण प्रार्थनेवरच आहे.

शेफारण्याचा आरोप मला झटकून टाकता येत नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात इस्राएलाला बजावलंय की तुम्ही संख्येने मोठे म्हणून निवडले गेला नाहीत, उलट सर्वांत थोडे होता, आणि शिवाय ताठ मानेचे. तरीही दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या, मंडळ्यांनी वर्णभेदाला धर्माचा आधार दिला, आणि आपण निवडलेली प्रजा आहोत ही भाषाही तिथे चालली. १९८२ मध्ये ओटावाला रिफॉर्म्ड मंडळ्यांच्याच जागतिक संघाने त्याला पाखंड ठरवलं. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

उरलं ते तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं वचन: सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. मजकुरातला एवढाच मुद्दा खरोखर जड आहे. ऑगस्टीनने ‘सर्व’ म्हणजे सर्व प्रकारची माणसं असा अर्थ लावला. संदर्भात राजे आणि अधिकारी येतात, त्यामुळे तो अगदीच ओढूनताणून नाही, पण यहेज्केल अठराव्या अध्यायात दुष्टाच्या मरणाने देवाला संतोष होत नाही असं वाचलं की तो तोकडा पडतो. मी देवाची इच्छा आणि देवाचा ठराव वेगळे धरतो. आर्मिनियनांना ही कसरत वाटते, आणि त्यांना वेड्यात काढावं असं मला वाटत नाही.

मग ‘लांब राहा’ कशासाठी? इंग्लंडमधला उपदेशक जॉन वेस्लीने १७३९ मध्ये पूर्वनियोजनावर सडकून टीका करणारा उपदेश छापला. त्याचा मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड कॅल्विनच्या बाजूचा. त्याने जाहीर पत्र लिहून तितक्याच जोरात उत्तर दिलं. दोघांत दुरावा आला, पुढे मिटला, मतं मात्र तशीच राहिली. १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ उपदेश वेस्लीने केला, आणि तो त्यानेच करावा ही व्हाइटफील्डची इच्छा होती.