गिरणी कामगार ‘अभिजन’ कधीपासून झाले?

माझी भाची एका डाव्या अभ्यासगटात नुकतीच जायला लागलीय. तिनं एक लांबलचक मेसेज पुढे ढकलला आणि खाली विचारलं, ‘मावशी, हे खरं असेल तर युनियनच्या मोर्चाला जायचं कशाला?’ तोच मेसेज मग आणखी कुणाकुणाकडून आला. म्हणून एकदाच लिहून मोकळी होते.

मेसेजचं म्हणणं असं: कायम नोकरीतला संघटित कामगार म्हणजे भांडवलदारानं विकत घेतलेला ‘कामगार-अभिजन’. लेनिननं 1916 सालीच तसं सांगून ठेवलंय. त्याची पगारवाढ असंघटितांच्या ताटातून येते. मुंबईचा 1982 चा गिरणी संप ही याच अभिजनांची हाव होती. असला पगारदार क्रांती करत नाही. सबब, युनियन सोडा.

आधी लेनिन. साम्राज्याच्या अवाढव्य नफ्यातला तुकडा टाकून ब्रिटनसारख्या देशात कामगारांचा वरचा थर फितवला जातो, हे त्यानं लिहिलंय, खरंच आहे. एंगेल्सनं तर 1858 मध्येच मार्क्सला पत्रातून कुरकुर कळवली होती की इंग्लंडचा कामगार दिवसेंदिवस बूर्झ्वा, म्हणजे मालकवर्गासारखा, होत चाललाय. पण लेनिनच्या लेखी तो थर मूठभर होता आणि साम्राज्याच्या मायदेशातला होता. हिंदुस्थान त्या हिशेबात देणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे ज्याच्याकडून तो नफा उकळला जायचा त्याच्या! आणि युनियन सोडण्याबद्दल बोलायचं, तर 1920 साली जर्मनीतल्या काही डाव्यांनी हेच म्हटलं होतं: युनियन प्रतिगामी आहेत, बाहेर पडा. त्यांना उत्तर म्हणून लेनिननं ‘“डावा” कम्युनिझम: एक बालरोग’ या पुस्तिकेत अख्खं प्रकरण खर्ची घातलं. अशा युनियनमध्ये काम न करणं म्हणजे मागासलेल्या कामगारांना याच फितलेल्या पुढाऱ्यांच्या हवाली करणं, असं त्याचं म्हणणं. मेसेज लिहिणाऱ्यानं 1916 वाचलं आणि 1920 येईपर्यंत त्याला झोप लागली असावी.

आता गिरणी संप. माझा संताप आहे तो इथे.

18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले कितीतरी ‘बदली’ होते. बदली म्हणजे काय, हे आजच्या पोरांना कुणी सांगत नाही. रोज पाळीच्या वेळेला गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. आत कुणाचा खाडा पडला असेल तर काम, नाहीतर डबा घेऊन परत घरी. अशी वर्षानुवर्षं काढलेली माणसं होती. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं, पगारातून गावी मनिऑर्डर करायची. हे अभिजन? त्याच मुंबईत इंजिनिअरिंग आणि औषध कंपन्यांतल्या कामगारांना गिरणीवाल्यापेक्षा जास्त पगार मिळत होता, आणि संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गिरणी कामगार गेले त्यामागे हेही एक कारण होतं. संपाच्या मागण्यांमध्ये बदल्यांना कायम करा ही मागणी होती. दुसरी होती 1946 चा बीआयआर, म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा ही, कारण त्या कायद्यानं राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकच मान्यताप्राप्त युनियन कामगारांच्या माथी मारली होती. आपली युनियन आपण निवडू द्या म्हणणं, यात हाव कुठली?

‘असंघटितांच्या ताटातून’ वगैरेचंही उत्तर इथेच मिळतं. संप चालू असताना मालकांनी भिवंडीच्या यंत्रमागांवरून कापड काढून घेतलं. गिरणगाव मोडलं, जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. मग यंत्रमागावरच्या असंघटित कामगाराच्या ताटात काय जास्तीचं पडलं? त्याची बारा तासांची पाळी काही सुटली नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, आणि ती मेसेजवाल्याला सुचलेलीच नाही. कामगारांमध्ये वरचा थर होता, पण तो जातीनं पाडलेला. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार बरा, पण तिथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. ‘अस्पृश्या’च्या तोंडचा धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, म्हणून सवर्ण कामगारच अडून बसत. 1928 च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट युनियनच्या, पुढाऱ्यांनी ही मागणी नाखुशीनं यादीत घेतली. ही युनियनची लाजच आहे, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण आंबेडकरांनी कामगार चळवळीकडे पाठ नाही फिरवली. त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि 7 नोव्हेंबर 1938 ला संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्याच कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला.

राहिला शेवटचा मुद्दा, बरा पगार असलेला कामगार क्रांती करत नाही हा. 1917 च्या फेब्रुवारीत रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेट्रोग्राडला, क्रांतीची सुरुवात कापड गिरण्यांतल्या बायकांनी केली हे कबूल. पण त्यांच्या पाठोपाठ त्याच शहरातल्या व्हीबोर्ग भागातले धातुकामगार उतरले, आणि रशियातल्या कारखान्यांत चांगला पगार घेणारे तेच होते. बर्लिनमध्ये जानेवारी 1918 चा युद्धविरोधी संप ज्यांनी घडवला, त्यांचा म्होरक्या रिखार्ड म्युलर लेथवर काम करणारा कुशल टर्नर होता.