पर्शियन मांजर घ्यावं कसं, टाकावं कसं

मांजर घ्यायचं ठरलं ना? मग फोटो बघा आणि पैसे पाठवा. वाचणं, विचारणं, दोनदा जाऊन बघणं वगैरे भानगडीत पडू नका. गोव्यात, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी धरते, तिथे लांब, दाट केसांचं पर्शियनच शोभतं. विकणाऱ्याला एवढंच विचारा, ‘डॉल फेस’ (बाहुलीसारखं तोंड) की ‘पंच फेस’ (चेपलेलं तोंड)? तो ‘ट्रिपल कोट’, म्हणजे केसांचे तीन थर, म्हणाला की घासाघीस न करता वरचे पैसे मोजा. जातीच्या नियमावलीत असला काही प्रकार नाही, पण पाहुण्यांना सांगायला बरा वाटतो.

नाक जेवढं चेपलेलं तेवढा भाव जास्त. चपट्या चेहऱ्यात अश्रूंची नळी वाकते, म्हणून डोळ्यांतून पाणी गळत राहतं आणि नाकाच्या कडेने तपकिरी ओघळ सुकतात. ते रोज कोमट पाण्याच्या कापसाने पुसायचे असतात. तुम्ही कशाला पुसता? फोटोत फिल्टर आहे की. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या पुटी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो आणि त्याची जनुकीय चाचणीही होते. पण आईबापांची चाचणी केलीत का, असं विचारून विकणाऱ्याचा अपमान करू नका.

पिल्लू जितकं लहान तितकं गोड, म्हणून आठ आठवड्यांच्या आतच आईपासून तोडा. कितपत चावायचं, नखं कधी आत घ्यायची हे ते आईकडून, भावंडांकडून शिकतं. राहिलेला अभ्यास तुमच्या मुलांच्या हातावर करेल.

ठिपक्यांचं गावठी पिल्लू कुणी ‘बेंगाल’ म्हणून दिलं तर घ्या. खऱ्या बेंगालमध्ये लेपर्ड कॅट नावाच्या रानटी मांजराचं रक्त आहे आणि ती जात अमेरिकेत तयार झाली, याची चौकशी करून करायचंय काय? मात्र सयामी पिल्लू पांढरं आलं आणि पुढे कान-शेपूट काळवंडली, तर फसवलं म्हणून जरूर भांडा. सयामी पिल्लं जन्मतः पांढरीच असतात, अंगाचा जो भाग थंड तिथे रंग चढतो. म्हणजे आयुष्यात एकदाच खरा माल मिळाला, त्याच दिवशी भांडायचं.

आल्या दिवसापासून वाटीभर दूध द्या. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, पण हगवण साफ करायला बाई आहे.

श्रावण लागला की मांजरालाही शिवराक, म्हणजे शाकाहारी, करा. दहीभात, वरणभात, फार तर बटाट्याची भाजी, कांद्यासकट. कांदा त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा जातो, हृदय कमजोर होतं. पुण्य तुमच्या खात्यात, डोळे त्याचे. हिशेब चोख.

शेपूट जमिनीवर आपटतंय म्हणजे खुशीत आहे असं समजून आणखी खाजवा. पोट दाखवलं की हात घाला. घुरघुरतंय म्हणजे मजेत आहे. दुखतानाही मांजर घुरघुरतं हे डॉक्टरांना ठाऊक असलेलं पुरे.

बोका पुन्हापुन्हा रेतीच्या टबात बसून कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबही होत नाही, तर ‘नाटकं करतो’ म्हणा. लघवी तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत मरतो. तेवढ्यात सोमवार येईलच, दवाखान्यात तेव्हा न्या.

अंग गरम लागलं तर घरातलीच पॅरासिटामॉल. अर्ध्या गोळीतही मांजर जाऊ शकतं. कुत्र्याचं गोचिडीचं औषध उरलं असेल तर तेही मानेवर ओता. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतील, त्याचा व्हिडिओ काढा.

आता केस. पर्शियनला रोज विंचरावं लागतं. रोज म्हणजे रोज. पाहुणे येणार असतील तेव्हा नव्हे. नाही विंचरलं तर काय होतं ते मी सांगते, कारण माझ्या ओट्यावर ते घडलंय. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मंडळींनी मे महिन्यात मांजराचा पिंजरा माझ्या हातात दिला. ‘काकी, चार दिवस फक्त.’ बगलेत, मांड्यांत, शेपटीखाली केसांच्या गाठी होऊन त्यांची टणक ढेपं झालेली. पाय पुढे टाकला की कातडी ओढली जायची, म्हणून ते चालायचंच नाही, आणि या लोकांना वाटे, किती शांत जनावर! कात्री लावायचीही सोय नाही, गाठ संपते कुठे आणि कातडी सुरू होते कुठे कळत नाही. शेवटी डॉक्टरांनी गुंगी देऊन यंत्राने सगळं उतरवलं. खाली नायटा. तो माणसालाही लागतो, माझ्या मनगटाला लागलाच. फोन केला तर म्हणतात, ‘टक्कल केलंत? आमच्या बेबीला आता ते आवडायचं नाही.’ आणि परत आल्यावर? ‘काकी, आता ते तुमच्याशीच रुळलंय ना.’ रुळलंय! त्याला कुणी विचारलं होतं?

तर टाकण्याच्या रीती. शेजारी ही सर्वांत सोयीची. शेजारी नसेल तर नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा, बाजार आणि मासेमारीची जेटी आहेतच, ‘तिथे खायला मिळतं’. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तिथे काय मिळतं, हे चपट्या तोंडाच्या, घरात वाढलेल्या, कुत्रं कधी न पाहिलेल्या मांजराने स्वतः शोधावं. कायद्याला भिऊ नका. जनावराचे उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत बांगडा मासळीचा वाटा तरी येतो का?

नसबंदी तर मुळीच करू नका. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. पिल्लं झाली की खोका आहेच, आणि माझा ओटाही.

नाही, पुरे झालं. मला आता हसत हसत लिहवत नाही. मांजर काही सोफ्याच्या रंगाला जुळवून आणायची वस्तू नाही. वरच्या मजल्यावरच्यांनो, तुमच्या मुलीला वाढदिवसाला काही हवं होतं, तर सायकल घ्यायची. एवढा फ्लॅट, एवढी गाडी, आणि रोज दहा मिनिटं फणी फिरवायला एकाही माणसाला सवड नाही? तोंड वर करून जिन्यात मला ‘कसं आहे आमचं बाळ?’ विचारता! तुमचं नाही ते. डॉक्टरांचं बिल तुमच्या दाराखालून सरकवलंय, ते भरा. आणि परवा जिन्यात हस्कीचं पिल्लू पाहिलं मी. बर्फातलं कुत्रं, पर्वरीत, तिसऱ्या मजल्यावर! गणेश चवथीला गावी जाताना त्याचा पट्टा घेऊन माझी बेल वाजवलीत ना, तर दार उघडणार नाही, सरळ पोलीस स्टेशनला जाईन. पन्नास रुपये तर पन्नास रुपये.