ग्रिलला आतून कुलूप, किल्ली लपवलेली: त्या नऊ ‘सत्यां’चा समाचार

‘कुलूप कंपन्या तुमच्यापासून लपवतात ती 9 सत्यं’ हा मेसेज गेले काही दिवस ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मावशीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, “मी कालपासून सुरू केलं.” तिने सुरू केलं ते नेमकं चौथं सत्य. म्हणून क्रम मोडून आधी तेच घेते. बाकीच्या आठांपैकी बहुतेक चुकली तर फार तर किल्ली तुटेल, पैसे जातील. हे चुकलं तर माणसं जातील.

“4. रात्री ग्रिलला आतून कुलूप लावा आणि किल्ली अशी लपवा की चोराला काय, घरच्यांनाही सापडू नये.”

घरच्यांनाही सापडू नये! रात्री दोन वाजता घरात धूर झाला तर काय होतं ते जरा डोळ्यांसमोर आणा. वीज गेलेली असते. धूर आधी छताशी साठतो आणि मग खाली उतरत येतो, त्यामुळे माणसाला रांगत दारापर्यंत जावं लागतं. कुलूप मात्र छातीच्या उंचीवर, म्हणजे धुरातच. जुडग्यात पाच किल्ल्या, त्यातली कुठली ते बोटांनी चाचपायचं. दातेरी बाजू वर धरायची की खाली, तेही चाचपूनच. घामेजल्या हातातून जुडगा एकदा खाली पडला की संपलं. आणि हे सगळं किल्ली हातात आल्यानंतरचं. मेसेजचा सल्ला असा की ती आधी शोधावी लागावी.

25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरचं जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. त्याची किल्ली ज्या मुकादमाकडे होती, तो दुसऱ्या वाटेने आधीच बाहेर पडला होता. 146 माणसं गेली, त्यात बहुतेक तरुण मुली होत्या. कामगारांनी माल चोरून नेऊ नये म्हणून ते दार बंद ठेवलेलं होतं. म्हणजे कारण तेच, जे मेसेजमध्ये आहे: चोरी.

या आगीनंतर, 1913 मध्ये, अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने माणसांच्या सुटकेचा विचार करणारी समिती नेमली. तिच्या कामातून पुढे जी नियमावली झाली ती आज ‘लाइफ सेफ्टी कोड’ म्हणून ओळखली जाते. मोजके अपवाद सोडले तर तिचा दारांबद्दलचा नियम असा: बाहेर पडणाऱ्याच्या बाजूने दार उघडायला किल्ली, अवजार, खास माहिती किंवा खास जोर लागता कामा नये. मेसेजमधलं चौथं सत्य यातल्या दोन गोष्टी एकदम मोडतं. किल्लीही लागते आणि ती कुठे आहे ही खास माहितीही लागते.

त्याहीआधी, 1883 मध्ये, इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये जिन्याच्या तळाचं दार एका वेळी एकच मूल जाईल एवढं किलकिलं ठेवून खिटी लावलेली होती. भेटवस्तू मिळणार म्हणून वरून मुलं धावत खाली आली आणि 183 मुलं गुदमरून गेली. तिथे आग लागलेलीच नव्हती. आडवी दांडी अंगाने ढकलली की उघडणारी जी दारं चित्रपटगृहात दिसतात, त्यांच्या मूळ कडीचं पेटंट 1892 मध्ये निघालं ते या घटनेमुळे.

आता घरात करायचं काय? मुख्य दाराच्या लॅचला बाहेरून किल्ली आणि आतून हाताने फिरणारा नॉब हवा. काही दारांना दोन्ही बाजूंनी किल्लीचं सिलिंडर, म्हणजे किल्ली जिच्यात जाते ती नळी, असतं. ते काढायला अख्खं कुलूप बदलावं लागत नाही. दार उघडं ठेवा. दाराच्या कडेला, लॅचच्या पट्टीवर, सिलिंडरच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो, तो पूर्ण काढा. किल्ली घालून अगदी थोडी, दहा-पंधरा अंश, फिरवा. मधली जीभ सिलिंडरच्या अंगात बसली की सिलिंडर सरळ बाहेर सरकतं. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर वेगवेगळं मोजा, उदाहरणार्थ 30 आणि 40 मिलिमीटर, आणि त्याच मापाचं, आतून नॉब असलेलं सिलिंडर आणा. फक्त एकूण लांबी सांगितली तर हमखास चुकीचं येतं. बाहेरचं टोक दाराच्या पट्टीपुढे दोन-तीन मिलिमीटरहून जास्त आलं तर ते पकडून मोडता येतं, तेही पाहा.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागेल. दाराला किंवा दाराशेजारी काच असेल तर ती फोडून हात आत घालून नॉब फिरवता येतो. मेसेजवाल्याची भीती तेवढ्यापुरती खरी आहे. पण त्याला उपाय काचेचा करायचा: लॅमिनेटेड काच (मध्ये थर असलेली, तडकली तरी न सुटणारी) किंवा काचेवर जाळी.

ग्रिलला आतून कुलूप लावण्यावाचून गत्यंतर नसेल तर निदान एवढं करा. त्या कुलपाची एकच किल्ली, जुडग्यात न ओवता, आतल्या भिंतीवर ठरलेल्या खिळ्याला. बाहेरून हात किंवा काठी घालून ती ओढता येत नाही ना, हे बाहेर उभं राहून स्वतः करून पाहायचं. खिळा लहान मुलांच्याही हाताला येईल इतका खाली. मग घरातल्या प्रत्येकाने, पाहुण्यांनीसुद्धा, डोळे मिटून एकदा ते कुलूप उघडायचं. ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी ती वाट बंद आहे असं समजा आणि आतून किल्लीविना सुटणारा खटका बसवून घ्या.

“2. दर आठवड्याला कुलपात घरातलं तेल सोडा, जन्मभर टिकेल.”

टिकणार नाही, चिकटेल. सिलिंडरच्या आत पाच-सहा भोकं असतात. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि वर बारीक स्प्रिंग. किल्लीच्या खाचा पिनांना नेमक्या उंचीवर उचलतात, दोन पिनांमधला सांधा एका रेषेत येतो आणि मग सिलिंडर फिरतं. पिन आणि भोक यांच्यातली फट केसाएवढी असते. खायचं तेल हवेत राहून चिकट होतं, जसं तेलाच्या बरणीच्या कडेला डिंकासारखं साचतं तसंच. त्यात धूळ बसते, स्प्रिंगला पिन खाली ढकलता येत नाही, एक पिन वरच अडकते आणि किल्ली फिरेनाशी होते. मग माणूस जोर लावतो. किल्ली तुटते ती नेमकी तिची खाच सगळ्यात खोल असते तिथे, आणि तुकडा आत राहतो.

कुलूप अडखळायला लागलं की आधी किल्ली पुसा. मग शिसपेन्सिलीचं टोक किल्लीच्या खाचांवर दोन्ही बाजूंनी चांगलं घासा, किल्ली पाच-सहा वेळा आतबाहेर करा, पुसा, पुन्हा करा. पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं, ते कोरडं वंगण आहे. नाहीतर टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे वापरा. आधी तेल आणि त्यावर ग्रॅफाइट मात्र कधीच नको, आत काळा लगदा होतो. डब्ल्यूडी-40 या स्प्रेबद्दलही लोक हट्टाने बोलतात. त्याच्या नावातल्या ‘डब्ल्यूडी’चा अर्थच पाणी हटवणं असा आहे. भिजलेलं किंवा गंजून अडकलेलं कुलूप सोडवायला आणि जुनी घाण धुवायला ते उत्तम, पण कायमचं वंगण म्हणून ते घालत राहू नका.

अर्धं सत्य आहे, तेही सांगते. पावसात लटकणाऱ्या, मोठ्या किल्लीच्या लिव्हरच्या (म्हणजे आत पिनांऐवजी किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या असलेल्या) कुलपाला शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एखादा थेंब पावसाळ्याआधी चालतो, तोही जास्त करून कडीच्या भोकात. दर आठवड्याला नाही आणि स्वयंपाकघरातलं तर नाहीच. किल्ली किंचित मागे ओढल्यावरच फिरत असेल तर दोष वंगणाचा नसतो. ती किल्ली झिजलेली तरी असते किंवा नकलेची नक्कल तरी. प्रत्येक नकलेत खाचांची चूक वाढत जाते, म्हणून नवी किल्ली नेहमी मूळ किल्लीवरून करून घ्यावी.

“6. गाडीत किल्ली अडकली तर घरी फोन लावा, दुसरा रिमोट फोनजवळ दाबायला सांगा, गाडी उघडेल.”

हे गेली कित्येक वर्षं फिरतंय आणि अजून मरत नाही. रिमोट रेडिओलहर सोडतो, साधारण 315 किंवा 433 मेगाहर्ट्‌झची. फोनचा माइक आवाज पकडतो, आणि साध्या कॉलवर त्यातला 300 ते 3,400 हर्ट्‌झचा पट्टा पलीकडे जातो. रिमोटची लहर माइकला कळतच नाही, मग ती पोहोचणार कशी? गाडीत मूल अडकलं असताना कोणी फोन कानाला लावून हा प्रयोग करत बसलं तर बंद गाडी उन्हात काही मिनिटांत तापते. तिथे मदतीला फोन करायचा, आणि वेळ नसेल तर मुलापासून सगळ्यात लांबच्या खिडकीच्या काचेवर कोपऱ्यात घाव घालायचा, मध्यभागी नव्हे. एरवी दुसरा रिमोट प्रत्यक्ष आणायला सांगा. बहुतेक बटणाच्या रिमोटच्या पोटात धातूची किल्लीही असते, ती पाहून ठेवा.

“1. जड कुलूप म्हणजे मजबूत कुलूप.” आणि “5. लिव्हर जास्त म्हणजे कुलूप अभेद्य.”

वजन कुलपाच्या पोटाचं असतं, चोर कापतो ती कडी. कडी जाड आणि कडक केलेल्या पोलादाची आहे का, ती दोन्ही पायांना अडकते की एकाच, बंद केल्यावर कडीची किती फट उरते, हे बघा. फट जितकी जास्त तितकी कटर घुसायला जागा. आणि कोयंडा! शंभरातली नव्वद माणसं तो बघतच नाहीत. अर्ध्या किलोचं कुलूप चार छोट्या स्क्रूंवर लटकतं आणि पहारीच्या एका हिसक्यात कोयंड्यासकट निघून येतं. कोयंडा दारातून आरपार बोल्टने, आतून नट लावून बसवायचा, आणि पट्टी मिटल्यावर बोल्टची डोकी तिच्याखाली झाकली गेली पाहिजेत.

लिव्हरचं म्हणाल तर 1851 मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कुलूपकाराने चब कंपनीचं तेव्हा नावाजलेलं लिव्हरचं कुलूप 25 मिनिटांत उघडलं होतं. ब्रामा कंपनीचं, लिव्हर नसलेलं, वेगळ्या रचनेचं कुलूप उघडायला त्यालाच 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. रचना आणि घडणीतली अचूकता महत्त्वाची. आकडा मोठा छापला म्हणून काही सिद्ध होत नाही.

“3. नंबरचं कुलूप कोणी उघडू शकत नाही, कारण किल्लीच नसते.”

तीन चाकांचे 1,000 नंबर. एकाला दोन सेकंद धरले तरी सगळे तपासायला सुमारे 33 मिनिटं, आणि सरासरी त्याच्या निम्मीच. शिवाय बहुतेक लोक बंद करताना शेवटचं चाक एक-दोन घरं सरकवतात आणि निघतात, म्हणजे 33 मिनिटंही नकोत. सगळी चाकं फिरवा. नंबर आठवत असूनही कुलूप उघडत नसेल तर नंबर बसवायची कळ चुकून दाबली जाऊन एखादं चाक सरकलेलं असतं. आधी प्रत्येक चाक एक घर मागेपुढे करून पाहा.

“7. पुलावर प्रेमाचं कुलूप लावल्याने काही बिघडत नाही.”

पॅरिसच्या पाँ दे झार पुलाच्या कठड्याचा एक भाग 8 जून 2014 रोजी जोडप्यांनी प्रेमाची खूण म्हणून लावलेल्या कुलपांच्या ओझ्याने कोसळला. 1 जून 2015 पासून ती काढायला घेतली, सुमारे 45 टन भरली, आणि जाळीच्या जागी काचा बसवल्या. कठडा माणूस रेलून उभा राहील आणि वारा लागेल या हिशोबाने बांधलेला असतो, टनावारी पितळेच्या हिशोबाने नाही. शिवाय ओलसर हवेत पितळ लोखंडाला चिकटून राहिलं की लोखंड लवकर गंजतं. किल्ल्या नदीत फेकतात, त्या तळाशी साचतात. प्रेम खुशाल करा, पुलाला सोडा.

“8. पनामा कालव्यात दोन समुद्रांची पातळी वेगळी असल्याने लॉक लागतात, त्यात महाकाय पंपांनी पाणी भरतात.”

हे लॉक म्हणजे कुलूप नव्हे, जहाज वर-खाली नेणारे दारांचे हौद. आणि दोन्ही चूक. दोन महासागरांच्या सरासरी पातळीत जेमतेम वीतभर फरक आहे. चढायचं असतं ते मधल्या गाटुन तलावापर्यंत, समुद्रापासून सुमारे 26 मीटर वर. 1914 मध्ये सुरू झालेल्या मूळ लॉकमध्ये भरायलाही पंप नाही आणि रिकामं करायलाही नाही. झडप उघडली की वरचं पाणी उताराने खालच्या हौदात येतं. दारं व्ही आकारात, टोक उंच पाण्याच्या बाजूला, म्हणून पाण्याचा दाबच ती घट्ट मिटवतो. हे पाणी गोडं आणि मोजकं असतं. मूळ लॉकमधून एक जहाज पार व्हायला सुमारे 20 कोटी लिटर समुद्रात जातं. 2016 च्या नव्या लॉकना शेजारी हौद आहेत, त्यातून जवळपास 60 टक्के पाणी पुन्हा वापरतात. 2023 च्या दुष्काळात जहाजांची रोजची संख्या कमी करावी लागली ती तलाव आटल्यामुळे. पंपाने समुद्र उपसता येत असता तर ती वेळच आली नसती.

“9. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहा.”

हे बरोबर आहे. एकदा पुरे, पण ओढताना कडीचा दुसरा पायही आत बसलाय का तेही बघा.

मेसेजच्या शेवटी “दहा जणांना पाठवा” असं लिहिलंय. ज्यांना पाठवून झाला असेल त्यांना आज फोन करा आणि एवढंच विचारा: ग्रिलची किल्ली आत्ता, या क्षणी, कुठे आहे आणि घरात अजून कोणाकोणाला माहीत आहे?