टूल वापरणे वेगळे, कोड मिसळणे वेगळे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर कोड ठेवला की तो ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येण्याजोगा, झालाच, परवाना नंतर सावकाश ठरवता येतो, मात्र जीपीएलचे (मिसळलेला कोडही त्याच अटींवर वाटायला लावणाऱ्या परवान्याचे) एखादे टूल वापरले की आपली सगळी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांत वापरण्यासाठी लिहिलेला कोड, जीपीएल होते आणि मग तिच्यातून पैसा मिळवता येत नाही. देवनागरी आणि कन्नड लिप्यांत नावांचे लिप्यंतर करणारी एक छोटी लायब्ररी आम्ही चौघे लिहीत आहोत. या संदेशावर विसंबून आमच्यातील एकाने काम थांबवले, म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा कायद्याचा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती असून तिच्यावरील हक्क लिहिताक्षणीच लेखकाकडे येतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. परवाना न जोडलेला कोड गिटहबवर पाहता येतो, तेथेच त्याचा फोर्क, म्हणजे आपल्या खात्यात प्रत, घेता येतो. परंतु निपाणीतील एखाद्या डीटीपीवाल्याला तो आपल्या कामात वापरण्याची किंवा बदलून इतरांना देण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

टूलविषयीचे विधान सर्वांत जास्त घोटाळा करणारे आहे. गवंड्याची थापी वापरली म्हणून घर गवंड्याचे होत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट स्वतः जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, तरी त्यात साठवलेला कोड जीपीएल होत नाही. जीसीसी हा कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारे टूल) आपले काही तुकडे तयार प्रोग्राममध्ये घालतो, हे खरे. पण नेमक्या त्याच तुकड्यांसाठी त्याच्या परवान्यात स्वतंत्र सूट दिलेली आहे. प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्याचा कोड आपल्या कोडमध्ये मिसळून दोन्ही एकत्र वाटताना. छापील कागदावरची नावे वाचण्यासाठी आम्हाला टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर जोडायचे आहे आणि ते अपाची २.० या परवान्याखाली आहे. त्याच्या जोडीला केवळ जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखालील एखादी लायब्ररी घेतली असती, तर जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते हे दोन परवाने एकत्र नांदू शकत नाहीत. तिसऱ्या आवृत्तीशी मात्र अपाची २.० चे जुळते. टूल जोडण्याआधी पाहायचे ते हे.

पैशाचा मुद्दा लवकर आटोपतो. जीपीएल विक्रीला मनाई करत नाही. ज्याला प्रोग्राम दिला त्याला मूळ कोड आणि तो पुढे वाटण्याचे स्वातंत्र्य मिळाले पाहिजे, एवढीच त्याची अट आहे. त्यामुळे प्रतीमागे दर लावून विकणे अवघड जाते, हे मान्य. सेवा आणि देखभालीचा मोबदला घ्यायला कोणतीच आडकाठी नाही.

‘परवाना नंतर’ हा सल्ला आम्हाला सर्वांत महाग पडला असता, आणि त्याचे कारण आमच्या कामाच्या स्वरूपात आहे. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आणि कन्नड ‘क’चा ३२२१ आहे, ८९६ मिळवले की बहुतेक अक्षरे जुळतात. पण कन्नडमध्ये ‘ए’ ऱ्हस्व आणि दीर्घ असा दुहेरी आहे, आपला एकच. बेळगावच्या कन्नड नावातला ‘बे’ ऱ्हस्व आहे, हे बेरजेने कळत नाही. त्यासाठी गावोगावच्या नावांची यादीच लागते. ही यादी चौघांनी मिळून केलेली असल्याने प्रत्येकाचा हक्क आपापल्या भागावर आहे आणि परवाना बदलायचा तर प्रत्येकाची संमती लागेल. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या मंडळींनी २०११-१२ च्या सुमारास जीपीएलवरून एलजीपीएल या त्याहून सैल परवान्याकडे जाताना शेकडो जणांना गाठून संमती मिळवली होती.

आम्ही अपाची २.० निवडला, त्यालाही इथल्या कायद्याचे एक कारण आहे. परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता, असे आपला कायदा हक्कांच्या हस्तांतरणाप्रमाणे परवान्यालाही लागू करतो. अपाचीत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही शब्द स्पष्ट आहेत. एमआयटी या दुसऱ्या प्रचलित परवान्यात ते नाहीत. परवान्याची फाइल आता लायब्ररीत आहे आणि थांबलेल्या मित्राने खानापूर तालुक्यातील गावांची यादी पुन्हा हाती घेतली आहे.